पाडव्याचा चेक

माझी बायको आणि मुलगी लातूरला राहतात, मी नांदेडला. आमचं काही बिनसलेलं नाही. मुलीला डॉक्टर व्हायचं आहे, एवढंच. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाप नोकरीच्या गावी, आई पोराला घेऊन लातूरला एका खोलीत, असं दोन वर्षं चालतं. आमच्या लेखा विभागात असे आम्ही तिघे आहोत. दुपारी तिघांच्याही डब्यात एकाच मेसची भाजी असते आणि आम्ही ती फारसं न बोलता खातो.

लातूरची ती खोली गेल्या पाडव्याला आमच्या हातून जाणार होती, आणि ती माझ्या एका हिशेबामुळं. बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती. तरी काय झालं ते लिहून ठेवतो.

आधी खोलीचं महत्त्व सांगायला हवं. अकरावीचे पहिले तीन महिने मुलगी हॉस्टेलला होती. जाताना तिचं वजन शेहेचाळीस किलो होतं. हॉस्टेलच्या फॉर्मवर लिहावं लागलं म्हणून आकडा लक्षात आहे. गणपतीत घरी आली तेव्हा एकोणचाळीस. ती रडली नाही, तक्रार केली नाही, फक्त ताटावरून उठून जायची. परत जायच्या आदल्या दिवशी तिनं आईला सांगितलं, हॉस्टेल सोडून काहीही सांग, मी करीन. मला सांगितलं नाही.

मग बायको लातूरला गेली, मेडिकल प्रवेशाच्या क्लासभोवतालच्या गल्ल्या पायी पालथ्या घातल्या आणि दसऱ्याच्या आधी ही खोली शोधली. क्लासपासून अकरा मिनिटं, घड्याळ लावून चाललोय मी. खाली मालकांचं घर, वर चार खोल्या, चारही खोल्यांत आया आणि मुली. मालकांना सगळी गल्ली अप्पा म्हणते. सत्तरी ओलांडलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, भुसार मालाचं दुकान. दुकान आता मुलगा बघतो, पण अप्पा रोज सकाळी गादीवर जाऊन बसतात. बायकोनं नांदेडहून शिलाई मशीन मागवून घेतली आणि गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायला घेतले. दिवाळीपर्यंत मुलगी चव्वेचाळीसवर आली. हे त्या खोलीचं महत्त्व.

भाडं महिना सात हजार, पण महिन्याच्या महिन्याला घ्यायची त्यांची पद्धत नव्हती. दसऱ्याला सहा महिन्यांचं एकदम, पाडव्याला पुढच्या वर्षाचं एकदम, आणि तेही चेकनं. फोनवरून पाठवतो म्हणालो तर अप्पांनी हात हलवला.

"फोनवरचा पैसा दिसत न्हाई, सर. चेक हातात येतोय. देवापुढं ठेवता येतोय."

आणखी एक, आकड्याच्या शेवटी शून्य नको. म्हणून दसऱ्याला बेचाळीस हजार एकचा चेक दिला. अप्पांनी तो दुकानातल्या देवापुढं ठेवला, वर बेलाचं पान ठेवलं. "आधी देवापुढं, मग बँकेत," ते म्हणाले. "आमच्या वडलांपासनं हेच चालत आलंय."

तो चेक नवव्या दिवशी माझ्या खात्याला लागला. मी डायरीत नोंद केली: घरमालक, चेक नऊ दिवसांनी.

पाडव्याला चौऱ्याऐंशी हजार एक द्यायचे होते. पगाराच्या खात्यात एकतीस हजार चारशे बारा रुपये होते. नव्वद हजारांची एक एफडी होती, मुलीच्याच खर्चासाठी ठेवलेली. तिची मुदत पाडव्यानंतर सहाव्या दिवशी पुरी होत होती. आधी मोडली तर एक टक्का दंड आणि राहिलेल्या दिवसांचं व्याज, मिळून एक हजार अठ्ठावीस रुपये जाणार होते. मी तीनदा मांडून बघितलं. चेक नवव्या दिवशी वटणार, एफडी सहाव्या दिवशी सुटणार. मध्ये तीन दिवस मोकळे. मोडायचं काही कारण दिसेना.

चेक आता त्याच दिवशी वटतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पूर्वी सकाळी टाकलेला चेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागायचा, आता काही तासांत लागतो. आमच्या विभागात त्याबद्दलचा कागद फिरला होता आणि मी त्यावर वाचल्याची सही केली होती. पण माझा हिशेब बँकेवर नव्हताच. तो अप्पांच्या देवावर होता.

अप्पांना सरळ सांगता आलं असतं की आठवडाभर टाकू नका. सांगायची लाज वाटली. चेक देताना 'थांबा' म्हणणं म्हणजे पैसे नाहीत म्हणणं, आणि पैसे तर होते. त्याउलट, चेक पन्नास हजारांच्या वरचा म्हणून त्याचा नंबर, तारीख, नाव, रक्कम सगळं मी बँकेला ॲपवरून आधीच कळवून ठेवलं. म्हणजे त्या चेकची पूर्ण माहिती बँकेकडं होती. पैसे तेवढे नव्हते.

पाडव्याला मी लातूरला होतो. बायकोनं खोलीच्या खिडकीतून छोटी गुढी उभारली होती. दहाच्या सुमाराला दुकानात जाऊन चेक दिला. अप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, देवापुढं ठेवला.

"यंदा पोरीचं बारावीचं वर्ष," ते म्हणाले. "देव बरं करील."

संध्याकाळच्या बसनं मी नांदेडला परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेतीनला टेबलावर फोन वाजला. दोन मेसेज होते. पहिला, चेक अपुऱ्या शिलकेमुळं परत गेल्याचा. दुसरा, पाचशे नव्वद रुपये कापल्याचा, पाचशे दंड आणि नव्वद जीएसटी. एकतीस हजार चारशे बारातून पाचशे नव्वद गेले, राहिले तीस हजार आठशे बावीस, ही वजाबाकी मी आधी केली आणि मग पहिला मेसेज परत वाचला.

मी जिन्यात गेलो आणि फोनवरूनच एफडी मोडली. चार मिनिटं लागली. जे एक हजार अठ्ठावीस वाचवायचे होते ते गेले. पैसे खात्यात आल्याचा मेसेज बघितला आणि अप्पांच्या मुलाला फोन लावला.

"बोला सर."

"मालक, ते चेकचं झालं बघा जरा. आता खात्यात पैसे आहेत. उद्या परत टाका, पास होईल."

"परत टाकू? सर, पाडव्याचा चेक हाय तो. वर्षाची पयली बोहनी. अप्पा दुपारी जेवले न्हाईत."

"मग मी आत्ता तुमच्या फोनवर पाठवतो. दोन मिनिटांत."

"पाठवू नका. आले तर तसेच परत करतो. मी वर जाऊन वैनींना सांगून आलोय, आठ दिवसांत रूम मोकळी करा. देगलूरचे लोक हायत, साडेआठ हजार देऊन राहिलेत."

"पण एवढ्यावरून—"

"एवढ्यावरून म्हणजे? आमच्याकडं लई वर्षांचे गिऱ्हाईक हायत सर. पण चेक परत आलेला माणूस परत येत न्हाई."

त्यानं फोन ठेवला. मी जिन्यात उभा राहिलो. वरून एक शिपाई फायली घेऊन उतरला, त्याला वाट दिली.

बायकोचा फोन त्यानंतर आला. तिचा आवाज बारीक होता, कारण भिंतीपलीकडं मुलगी होती.

"खात्यात पैसे नव्हते का?"

"होते. एफडीत होते."

"म्हणजे खात्यात नव्हते."

मी तिला नऊ दिवस आणि सहा दिवसांचं सांगू लागलो. तिनं ऐकून घेतलं नाही. पाडवा झाल्यावर लातूरला खोली मिळत नाही, ती म्हणाली. दहावीची परीक्षा संपली की परभणी, हिंगोली, कुठून कुठून लोक येतात आणि क्लासच्या आसपासच्या सगळ्या खोल्या धरून ठेवतात. तिनं तासाभरात सहा घरं विचारून बघितली होती. एका ठिकाणी पत्र्याची खोली होती, तीही नऊ हजार.

"तिला कळलं का?" मी विचारलं.

"दारातच बोलून गेला तो. तिनं मला एवढंच विचारलं, आई, कुठलं हॉस्टेल."

"आणि?"

"ताट तसंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकली आणि बँक उघडायच्या आधी दारात जाऊन उभा राहिलो. अप्पांच्या नावानं चौऱ्याऐंशी हजार एकचा डिमांड ड्राफ्ट काढायचा होता. काउंटरवरची मुलगी माझ्या मुलीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल.

"डीडी?" ती म्हणाली. "आता कोण काढतं काका डीडी?"

"चेक परत येतो. डीडी परत येत नाही."

"चेकपण येत नाही काका, पैसे असले की."

ती सहज बोलली, माझ्या खात्याकडं बघून बोलली नव्हती. मी तीनशे रुपये कमिशन आणि चोपन्न जीएसटी भरले. डीडीचे फॉर्म कपाटातून शोधून काढायला तिला वीस मिनिटं लागली. डीडी पाकिटात, पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात, असं करून मी बस धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर. एरवी मी खिडकीतून कुठल्या शेतात काय आहे ते बघत जातो. त्या दिवशी काय होतं सांगता येणार नाही. चारदा खिशाला हात लावून बघितला.

चारच्या सुमाराला पोचलो. बायको जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. तिनं मला वर जाऊ दिलं नाही.

"नीट ऐका," ती म्हणाली. "काल संध्याकाळी मी अप्पांना सांगितलंय की तुमची सही जुळली नाही म्हणून चेक परत आला. बँकेनं चूक केली. तुम्ही तेच सांगा."

"चेकसोबत कागद येतो. त्यावर कारण छापलेलं असतं."

"अप्पांना इंग्रजी येत नाही."

"मुलाला येतं."

"मुलगा काही बोललेला नाही. त्याच्या फोनवर नुसतं परत आल्याचं आलं होतं. तुम्ही तेवढं एक वाक्य म्हणा, सहीचं. बाकी मी बघते."

मी जिन्याकडं बघितलं.

"वर पोरगी बसलीय," ती म्हणाली. "कालपासनं दोन बिस्किटांवर आहे. तिच्याकडं बघून म्हणा."

अप्पा पुढच्या खोलीत दिवाणावर बसले होते, मुलगा शेजारी खुर्चीत. सून पाणी ठेवून गेली. चहाचं कुणी विचारलं नाही. त्या घरात पाडव्यापर्यंत मी कधी चहा न घेता उठलो नव्हतो. अप्पांच्या मांडीजवळ एक पांढरा लिफाफा पालथा पडला होता. कोपऱ्यावर बँकेचा शिक्का दिसत होता.

"बाई म्हणल्या, सही जुळली न्हाई," अप्पा म्हणाले.

त्यांनी प्रश्न विचारला नव्हता. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. बायको माझ्या मागं दारात उभी होती.

मी लिफाफ्याकडं बघत होतो. आपण खरं बोललो ते खरेपणानं, असं मला इथं लिहिता आलं असतं. तसं नव्हतं. व्यापारी माणूस, बँकेचा कागद घरात येऊन पडलाय, त्यानं तो वाचला नसेल हे शक्य नाही, असा मी अंदाज बांधला. आता 'सही' म्हणालो तर कागद उलटा करून माझ्यापुढं धरतील, आणि मग खोली तर जाईलच, वर आम्ही दोघं खोटे ठरू. मी तिथंही हिशेबच केला.

"सही जुळली होती," मी म्हणालो. "खात्यात पैसे नव्हते."

मागं बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"पैसे न्हवते तर चेक कशाला दिला?"

"पैसे एफडीत होते. सहा दिवसांनी सुटणार होते. आधी मोडली तर नुकसान होत होतं. दसऱ्याचा चेक तुम्ही नवव्या दिवशी टाकला होता, म्हणून मी धरून चाललो की यंदाही देवापुढं तेवढे दिवस राहील."



"तुम्ही आमचे दिवस मोजले."

"हो."

"आमच्या देवाच्या भरवशावर तुम्ही व्याज खाल्लं."

मुलगा एकदा हसला. अप्पांनी त्याच्याकडं बघितल्यावर थांबला.

"अन् ह्यानं," अप्पा मुलाकडं बोट करून म्हणाले, "ह्यानं सकाळी उठून चेक उचलला. म्हणतो, आता त्याच दिवशी पैसे येतेत, देवापुढं ठेवून काय पिल्लं घालणार हाय का. दोघं सारखेच." मग माझ्याकडं वळून, "किती मिळणार होतं?"

"एक हजार अठ्ठावीस."

"ते वरचे अठ्ठावीस कशाचे?"

मी सांगायला खिशातल्या पेनाला हात घातला आणि काढून घेतला.

अप्पांनी लिफाफा उचलून माझ्या हातात दिला. तो बंद होता. डिंकाची कड जशीच्या तशी, नखसुद्धा लागलेलं नव्हतं.

"मी उघडला न्हाई," ते म्हणाले. "माणूस येणार म्हणल्यावर कागद कशाला वाचायचा? कागद काय, हाय तेच सांगतोय." मग म्हणाले, "बाई खोटं बोलली ती घर ऱ्हावं म्हणून. तुम्ही खरं बोलला ते कशासाठी?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं आणि ते देण्यासारखं नव्हतं. मी खिशातून डीडी काढून दिवाणावर ठेवला. शेजारी एकशे अठरा रुपये ठेवले, त्यांच्या बँकेनं चेक परत आल्याबद्दल त्यांच्या खात्यातून कापलेले. अप्पांनी एकशे अठरा मोजून उचलले, सदऱ्याच्या खिशात टाकले. डीडीला हात लावला नाही.

"हे माझे होते," ते म्हणाले. "ते तुमचे हायत. घेऊन जा."

"अप्पा, डीडी परत येत नाही. बँकेची हमी असते."

"बँकेची असंल."

मुलानं खुर्ची मागं सरकवली. त्याच्या मनानं बोलणं संपलं होतं. तेव्हा बायको आत आली. त्या बैठकीत ती कधी पुरुषांपुढं येऊन बोललेली मी बघितली नव्हती.

"अप्पा, ह्यांना काय विचारता," ती म्हणाली. "खोलीत मी राहते."

"तुम्ही तर खोटं बोलला, बाई."

"बोलले. पोरीसाठी परत बोलावं लागलं तर परत बोलेन. ती कालपासनं जेवली नाही. हॉस्टेलला तिचं काय झालं होतं ते तुमच्या सुनेला विचारा, दसऱ्याला तिनंच तिला खाली बसवून मऊ भात भरवलाय."

आतल्या दारात सून उभी होती. तिनं मान हलवली की नाही मला दिसलं नाही, पण अप्पांनी तिकडं बघितलं.  देगलूरवाल्यांचे साडेआठ हजार आणि आमचे सात, वर्षाचा फरक अठरा हजार, असं माझ्या डोक्यात आपोआप चाललं होतं. ते थांबवता येत नव्हतं.

"बाई, तुमचं खातं हाय का बँकेत?"

"आहे. कंधारला, माहेरी असताना काढलेलं. बंद पडलंय."

"चालू करा. भाडं तुम्ही द्यायचं. दर एक तारखेला, तुमच्या खात्यातनं. साडेसात हजार. फोननं द्या, कशानं बी द्या, आता देवापुढं काय ठेवायचं ऱ्हायलं न्हाई. ह्यांचा चेक या घरात नको."

"अप्पा, देगलूरवाल्यांचं पाच हजार टोकन घेतलंय मी," मुलगा म्हणाला.

"परत पाठव."

"शब्द दिलाय."

"तू दिलायस. घर कुणाचं हाय?"

मुलगा उठून बाहेर गेला. अप्पा बायकोला म्हणाले, "एक तारीख चुकली तर मी काय ऐकणार न्हाई. मग बोलायला येऊ नका. ह्यांनापण आणू नका."

एक तारखेला नऊ दिवस होते.

वर गेल्यावर बायको माझ्याशी बोलली नाही. मुलगी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "राहायचं का जायचं?" आई म्हणाली, "राहायचं. हात धू." दोघींनी वरणभात खाल्ला. मुलीनं दुसऱ्यांदा भात घेतला. मला वाढलं, मीही खाल्लं. ताटं उचलताना बायको म्हणाली, "लिफाफा बंद होता."

"मला वाटलं त्यांनी वाचलाय."

"वाचलेला नाही हे माहीत असतं तर सहीचं म्हणाला असता?"

"माहीत नाही."

"मला सगळ्यांपुढं खोटं पाडलं ते पाडलं," ती म्हणाली. "पण धड खऱ्यासाठीसुद्धा नाही पाडलं."

नांदेडला परत येऊन मी डीडी रद्द केला. त्याचेही एकशे अठरा लागले. एफडीचे एक हजार अठ्ठावीस, चेकचे पाचशे नव्वद, अप्पांचे एकशे अठरा, डीडीचे तीनशे चोपन्न आणि हे. एकूण दोन हजार दोनशे आठ, बसभाडं सोडून. डायरीत लिहून ठेवलं आहे. त्याच पानावर वर्षाला सहा हजारांची भाडेवाढही आहे.

पुढचे नऊ दिवस मात्र माझ्या हातात काही नव्हतं. बायको एकटीच कंधारला गेली. दोन वर्षांहून जास्त दिवस व्यवहार नाही म्हणून खातं निष्क्रिय झालेलं. तिथं सांगितलं, आधार आणा, पॅन आणा, फोटो आणा. आधारवर सासरचं आडनाव, पासबुकावर माहेरचं. लग्नाचा दाखला मागितला. तो नांदेडला माझ्या कपाटात होता. तिनं फोन केला तेव्हा मला बरं वाटलं, पण ती फक्त म्हणाली, "फोटो काढून पाठवा, मूळ प्रत उद्या घेऊन जाते." दुसऱ्या दिवशी आली, दाखला घेतला, पाणी पिऊन त्याच पावली कंधारच्या बसला गेली. मध्ये रविवार आला, मग एक सुट्टी. पाच दिवस उरले, मग तीन. मी विचारलं, मॅनेजरशी बोलू का, आमच्या कार्यालयाचा त्या बँकेशी संबंध येतो. नको म्हणाली.

"निदान खात्याला माझा मोबाइल नंबर दे," मी म्हणालो. "मेसेज माझ्याकडं येतील, काही कमीजास्त झालं तर लक्षात येईल."

"नंबर माझाच राहील."

"कार्डाचे, मेसेजचे पैसे कापतात मधूनच. तुला कळणार नाही. साडेसात हजारच ठेवलेस आणि त्यातून पंधरा-वीस रुपये गेले तर—"

"तर काय होतं ते आता मला माहीत आहे," ती म्हणाली.

महिना संपायच्या दोन दिवस आधी खातं चालू झाल्याचं तिनं सांगितलं आणि खाते क्रमांक पाठवला. मी ॲपमध्ये तिचं नाव जोडलं. नवीन नाव जोडलं की पहिला दिवस मोठी रक्कम जात नाही, म्हणून आदल्या दिवशी एक रुपया पाठवून बघितला आणि तो पोचला का विचारलं. पोचला म्हणाली. शेवटच्या दिवशी सकाळी घरखर्च आणि भाडं मिळून सोळा हजार पाठवले. माझ्या बाजूला 'यशस्वी' असं आलं. तिच्या बाजूला काय आलं, तिथून पुढं कधी, कसं, कुणाला गेलं, हे मला दिसण्याची सोय राहिली नव्हती. दुसऱ्यांची बिलं तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. कागद समोर नसताना वाट बघायची मला सवय नाही.

एक तारखेला कामात लक्ष लागलं नाही. अकराला फोन हातात घेतला, ठेवला. दुपारी डबा खाताना शेजारचा म्हणाला, काय हो, तब्येत बरी नाही का. बरी आहे म्हणालो. चारला वाटलं, आतापर्यंत दिलं नसेल तर अप्पा दुकानातून घरी आले असतील. साडेपाचला कार्यालयातून निघालो आणि रस्त्याच्या कडेला थांबून फोन लावला. बायकोचा फोन मुलीनं उचलला.

"आई भाजी आणायला गेलीय," ती म्हणाली. "पप्पा, आज फिजिक्सच्या टेस्टला एकशे अठ्ठेचाळीस पडले. एकशे ऐंशीत."

"छान. जेवलीस का दुपारी?"

"जेवले. खालच्या काकूंनी धपाटे दिले होते."



"भाड्याचं काही बोलली का आई?"

"सकाळीच दिलं. नऊच्या आधी. अप्पांसमोर बसून दिलं आणि त्यांनाच फोन धरून बघायला लावलं."

"मग खात्यात किती शिल्लक राहिले?"

पलीकडं ती हसल्यासारखं वाटलं.

"ते सांगू नको म्हणालीय."

मी बरं म्हणालो.